भागूआत्याचं दुसरं मरण

आत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गात फळ्यावर नद्यांची नावं लिहीत होते. ती ज्या तेलघाण्यामागच्या खोलीत राहायची, त्या घाण्यावरचा माणूस सायकल मारत आला आणि वर्गाच्या दारातूनच म्हणाला, "बाई, तुमची आत्या गेली." मी खडू खाली ठेवला नाही. रडलेही नाही. त्याला विचारलं, तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस का? तो गोंधळला. त्याला वाटलं, दुःखानं माझं डोकं फिरलं असावं. पण आमच्या घरात या बाईच्या मरणाची बातमी दुसऱ्यांदा येत होती. पहिल्यांदा आली तेव्हा आमच्या गावानं, सगळ्या संतपुरानं ती मानली, दहावा झाला, लोक तेरवीचं जेवून हात धुऊन घरी गेले, आणि आत्या तिकडं मुंबईत चांगली जिवंत होती. त्यामुळे मी खोलीवर जाऊन तिच्या नाकाशी हात धरून पाहीपर्यंत कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. श्वास नव्हता. या वेळी बातमी खरी होती.

त्याला आता सहा आठवडे झाले. मधल्या काळात औरादेत, म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावी, तिची शोकसभा झाली. चौकात फलक लागला, त्यावर तिचा घोड्यावरचा फोटो, खाली "सीमाभागाची थोर कलावंत" वगैरे मजकूर. ज्यांनी बाजारात तिच्या पिशवीत भाजी वरून टाकली, हात लागू नये म्हणून, त्यांनी फलकाला हार घातला. सभेत माझे वडीलही बोलले. हे लिहिताना मी काही थोर भावनेनं बसलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. मी राग काढायला बसले आहे. आत्यानं माझ्या वडिलांकडं, म्हणजे आपल्या सख्ख्या थोरल्या भावाकडं, तेवीस वर्षं फक्त एक वाक्य मागितलं. चारचौघांत, मोठ्यानं म्हणायचं एक वाक्य: माझी बहीण मेली नव्हती, मी आईला खोटं सांगितलं. ते त्यांनी सभेतही म्हटलं नाही. म्हणून मी म्हणते आहे.

तिचं घरचं नाव भागीरथी. सगळे भागू म्हणायचे. आमचं घर मेंढरांचं. माझ्या आजोबांच्या काळात तीनशे मेंढरं होती आणि कोकरं वाहायला दोन तट्टं. आजोबा लवकर गेले. आजी लोकर कातायची, अप्पा म्हणजे माझे वडील चार बुकं शिकून संतपुरात हिंडायचे, आणि मेंढरांमागं जायची भागू. तट्टावर खोगीर न टाकता बसायची, उभी राहायची, ओढ्यावरून उडी घ्यायची. आमचा तालुका हैदराबादेतून म्हैसूर राज्यात गेला, त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत मुंबईची एक सिनेमा कंपनी बिदरच्या किल्ल्यात मारधाडीच्या सिनेमाचं चित्रीकरण करायला आली. त्यांच्या नायिकेला घोड्याची भीती वाटायची. कुणीतरी सांगितलं, संतपुरात एक पोरगी आहे. अप्पा तिला घेऊन गेले. तिनं नायिकेचे कपडे चढवले आणि तटाच्या कडेनं घोडा असा काही सोडला की कंपनीचे लोक तोंडात बोटं घालून बघत राहिले. पुढच्या महिन्यात अप्पांनीच तिला मुंबईला नेऊन सोडलं. आजी म्हणाली होती, पोरगी कुठंही जाऊ दे, पण तिची खुशाली मला कळली पाहिजे. ते काम अप्पांवर सोपवलं, कारण घरात वाचता येणारे ते एकटेच.

मुंबईत तिचं नाव ठेवलं कुमारी नीलांबरी. पहिल्या दोन सिनेमांत ती पाठमोरी होती. तिसऱ्यात तिला चेहरा मिळाला. डोळ्यांवर काळी पट्टी, हातात चाबूक, खाली काळा घोडा. मोठ्या शहरांत हे सिनेमे सकाळच्या खेळाला लागायचे आणि दुसऱ्या आठवड्यात उतरायचे. पण आमच्याकडं टुरिंग टॉकीजच्या तंबूत ते सहा-सहा महिने फिरत. तीन-साडेतीन वर्षं, जास्त नाही, आमच्या भागात तिच्या नावाची हवा होती. औरादेच्या बाजाराच्या दिवशी तंबू लागला की संतपुराहून बैलगाड्या जुंपून लोक जात. चहाच्या हॉटेलात तिचा फोटो, पानाच्या टपरीवर तिचा फोटो. एका न्हाव्यानं आरशाच्या वर देवाशेजारी लावला होता. पोरी काळ्या चिंध्या डोळ्यांवर बांधून हिंडायच्या, त्यांत मीही होते. मी तिची सख्खी भाची म्हणून मला काठीचा घोडा सगळ्यांत पुढं काढायचा मान होता.

आता तंबूतली रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथंच घडलं. सिनेमे हिंदी, बघणारे मराठी, कानडी, थोडे तेलुगू. दखनी समजायची, पण सिनेमातली ती छापील हिंदी अर्ध्या लोकांच्या डोक्यावरून जायची. म्हणून तंबूत एक सांगणारा असायचा. तो यंत्राशेजारी स्टुलावर बसून भोंग्यातून गोष्ट सांगत राहायचा. तंबूचे मालक झहिराबादकडचे, तेलुगू बोलणारे. त्यांनी हे काम अप्पांना दिलं, ते बहिणीच्या नावावरच. अप्पांचा आवाज असा की गाय दूध द्यायची थांबून ऐकत राहील. ते संवादांचं मराठी करत बसायचे नाहीत. आपली गोष्ट सांगायचे, आणि पडद्यावर आत्या आली की तिला घरच्या नावानं हाक मारायचे. "बघा, निघाली आपली भागू. आता ह्या दरोडेखोराचं काय खरं न्हाई." लोक उठून उभे राहत. आजी बायकांच्या बाजूला वाळूवर बसलेली असायची, मी तिच्या मांडीला टेकून. तिला हिंदीतलं एक अक्षर कळायचं नाही. ती पोराचा आवाज ऐकायची आणि पोरीकडं बघायची.

आजी भोळी नव्हती. मेंढरांचा सौदा ती करायची, आणि तिला फसवणारा व्यापारी अजून जन्मायचा होता. पण सिनेमा म्हणजे काय हे तिला कुणी समजावून दिलं नव्हतं. तिनं फोटो पाहिले होते. फोटोत असतं ते घडलेलं असतं, जो फोटोत दिसतो तो तिथं उभा राहिलेला असतो, एवढं तिला पक्कं माहीत होतं. सिनेमा म्हणजे हलणारा फोटो, असंच अप्पांनी तिला सांगितलं होतं. मुंबईकडं दरोडेखोर फार आहेत आणि आपली पोरगी त्यांना पुरून उरते, असा तिचा समज. आम्ही सगळे त्या समजाला हसायचो. कुणी तो दुरुस्त केला नाही, कारण हसायला बरं वाटायचं.

मग आत्या घोड्यावरून पडली. कंबरेचं हाड मोडलं, चार महिने ती इस्पितळात होती. उठली ती लंगडत उठली. घोडा गेला, चाबूक गेला, चेहराही गेला असंच म्हणायचं. आता तिला मिळायचं ते अड्ड्यावरच्या बाईचं काम. उघड्या पाठीचं पोलकं, हातात पेला, आणि पहिल्या अर्ध्या तासात मरण. ते सिनेमेही आमच्याकडं आले. ज्या तोंडांनी "आपली भागू" म्हटलं होतं, ती तोंडं वाकडी झाली. अप्पांना तेव्हा पंचायतीत जायचं होतं. भोंग्यामुळं सगळा भाग त्यांना ओळखायचा, निवडून येणं अवघड नव्हतं, पण गावातल्या चार मोठ्यांनी त्यांना बोलावून सांगितलं, माणिकराव, बहिणीचा असला तमाशा रोज पडद्यावर, आणि तुम्ही पंच होणार कसे? त्याआधी इस्पितळातून आत्यानं कुणाकडून तरी लिहवून घेतलेली पत्रं आली होती, मायला घेऊन ये म्हणून. ती पत्रं चुलीत गेली. चुलीपुढं माझी आई बसायची, तिनं मला हे पुढं सांगितलं. मी अप्पांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, तुझ्या आईला वाचता कुठं येत होतं?

त्या वर्षीच्या एका बाजाराच्या संध्याकाळी तंबूत नवा सिनेमा लागला. मी दहा वर्षांची होते. आत्या दरोडेखोरांच्या सरदाराची बाई झाली होती. सरदार तिला जिन्यावर गाठतो आणि तलवार खुपसतो. आधीच्या सिनेमांत अप्पा अशा वेळी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे, ही भागू न्हाई, दुसरी बाई हाय म्हणायचे. त्या दिवशी ते क्षणभर थांबले. भोंगा नुसता घरघरला. मग त्यांचा आवाज आला, अगदी हळू, आणि हळू बोलले की तो जास्तच लांब जायचा... "गेली. आपली भागू गेली." बायकांत रडारड झाली. माझ्या डोक्यावरचा आजीचा हात बाजूला झाला. ती उठली, आणि पडद्यासमोरून, सगळ्यांच्या अंगावर सावली पाडत, सरळ बाहेर निघून गेली.

घरी आल्यावर तिनं विचारलं. अप्पा पाय धूत होते, मी तांब्या घेऊन उभी होते. "माणिक, खरं हाय का रे?" ते खाली बघत होते. मला वाटलं, आता हसतील आणि म्हणतील, माय, खुळी का काय तू. त्यांना एवढंच करायचं होतं. ते म्हणाले, "व्हय, माय. गेली." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला ठाऊक होतं. सिनेमातलं मरण खोटं असतं हे दहा वर्षांच्या पोरीला कळत होतं. आधीच्या सिनेमात मेलेला दरोडेखोर पुढच्या सिनेमात हवालदार होऊन आलेला मी पाहिला होता. मी तांब्या कलता केला आणि त्यांच्या पायावर पाणी घातलं. मी इथं सगळ्यांचा हिशेब मांडायला बसले आहे, तेव्हा माझाही मांडते.

माणूस परमुलखात मेलं आणि प्रेत हाती आलं नाही, तर आमच्याकडं पिठाची बाहुली करून तिला अग्नी देतात. ज्वारीच्या पिठाची ती बाहुली आजीनं स्वतः मळली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. हातपाय केले, कानशिलं दाबून चेहरा केला, आणि डोक्याला काळी लोकर लावून तिची वेणी घातली. अप्पांनी ओढ्याकाठी नेऊन ती जाळली. आपण काय जाळतोय हे त्यांना माहीत होतं. तेरवीला गाव जेवलं. ते चार मोठे पहिल्या पंगतीला होते. एक जण हात वाळवत म्हणाला की पोरीनं शेवटी घराण्याची अब्रू राखली. पुढच्या वर्षी अप्पा पंच झाले. त्याच्या पुढच्या वर्षी आजी गेली.

आजी गेल्यावर आठ महिन्यांनी संतपुरच्या थांब्यावर आत्या बसमधून उतरली. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, आणि एका पायावर झुकत चालणं. थांब्यावरची एक बाई तिला बघून चपला टाकून पळाली. मी दारातच होते. अप्पा बाहेर आले, उंबऱ्यात उभे राहिले आणि दोन्ही हात चौकटीला लावले. आत्यानं पेटी खाली ठेवली आणि विचारलं, "माय कुठाय, अण्णा?" ते म्हणाले, "गेली." ती पेटीवर बसली. म्हणाली, निदान तिची जागा तरी बघू दे, ती झोपायची ती. त्यावर अप्पा जे म्हणाले ते मी शब्दन् शब्द सांगते. "तुझं दिवस घातल्यात, भागू. दिवस घातलेल्याला घरात घेता येत न्हाई." तिला काही कळेना. कोण सांगितला मी मेले म्हणून, असं ती सारखी विचारत होती. अप्पा आत गेले. तिला सगळं सांगितलं ते माझ्या आईनं, मागच्या दारानं जाऊन, गोठ्याच्या भिंतीआडून. आत्या ऊन उतरेपर्यंत पेटीवर बसून राहिली आणि संध्याकाळच्या बसनं औरादला गेली.

ती मुंबईला परत जाईल असं सगळ्यांना वाटलं. ती गेली नाही. तेलघाण्यामागं एक खोली घेतली, तंबू लागायचा त्या माळाला लागूनच. लोकांनी काय केलं? जिवंत बाई समोर उभी होती, बोलत होती, चालत होती, पण तिला अग्नी दिलेला होता ना! तिच्या हातचं पाणी कुणी घेईना. कुणाच्या ओटीभरणीला, बारशाला बोलावणं नाही. शास्त्र माहीत असल्याच्या थाटात म्हातारी माणसं सांगायची, पुन्हा जन्माचे सगळे विधी केले तर घेता येईल, पण ते घरच्या कर्त्या पुरुषानं करायला हवेत. कर्ता पुरुष पंचायतीत होता, त्याला सवड नव्हती. आत्यानं त्याच्याकडं निरोप पाठवला. विधी नको, घर नको, मेंढरांतला वाटाही नको. "ज्या भोंग्यातनं मारलास, त्याच भोंग्यातनं सांग. मी मायला खोटं सांगितलो, म्हण. एवढंच." अप्पांनी निरोप आणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवलं.

पुढच्या बाजाराला तंबू लागला. आत्या आली आणि बायकांत सगळ्यांत पुढं बसली. शेजारच्या बायका सरकल्या, तिला ऐसपैस जागा मिळाली. दिवे गेले, पडदा उजळला, अप्पांनी भोंगा तोंडाला लावला, आणि आत्या वळली. पडद्याकडं पाठ करून, यंत्राकडं तोंड करून बसली आणि त्यांच्याकडं बघत राहिली. अप्पा अडखळले. नायकाला खलनायक म्हणाले. लोक हसले आणि तेही वळून बघू लागले. दुसऱ्या बाजाराला ती परत आली, तिसऱ्या बाजाराला परत. तोवर निम्मा तंबू पडद्याकडं पाठ करून बसू लागला होता. चौथ्या बाजाराला अप्पांचा आवाज फुटेना. ते खोकले, पाणी प्याले, भोंगा स्टुलावर ठेवला आणि कनात उचलून बाहेर निघून गेले. मालक व्यवहारी माणूस. सिनेमा चालू होता आणि सांगायला कुणी नव्हतं. त्यांनी अंधारातूनच हाक मारली, अक्का, तुला येतं का?

तिला येत होतं. मराठी, कानडी, दखनी तिन्ही भाषा ती अशी फिरवायची की तिन्हीकडचे लोक एकदम हसत. पण लोक लांबून लांबून यायला लागले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. पडद्यावर कुणी मेलं, मग तो नायकाचा बाप असो की बाजारातला फुटकळ चोर, आत्या दर वेळी तेच सांगायची, साध्या आवाजात. "मेला न्हाई ह्यो. बाजूला बसून च्या प्यायलाय. ह्याच्या मायला कुणी जाऊन सांगू नका." पहिल्यांदा तंबू खळखळून हसला. मग ज्यांना माहीत होतं ते गप्प झाले. मग ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी शेजाऱ्याला विचारलं. महिन्याभरात सीमेवरच्या प्रत्येक गावाला कळलं. अप्पा रस्त्यानं निघाले की पोरं मागून ओरडायची, "अप्पा, आज कोण मेलं?" पुढच्या निवडणुकीत ते पडले. त्या चार मोठ्यांपैकी एकानंही त्यांच्या बाजूनं तोंड उघडलं नाही. मला तेव्हा अप्पांची कीव यायची. आता येत नाही.

तंबूत तिच्यावर जीव टाकणारी हीच माणसं बाहेर आली की तिच्यापासून चार हात लांब. पंधरा वर्षं तिनं त्यांना हसवलं, पण तिच्या दारात कुणी टेकलं नाही. मी एकोणिसाव्या वर्षी औरादच्या शाळेत लागले, तेव्हा पहिल्यांदा तिच्या खोलीवर गेले. तिनं मला ओळखलं. काही न बोलता पाण्याचा पेला पुढं केला आणि मी पिते का ते बघत राहिली. मी एक घोट घेऊन पेला खाली ठेवला, तर म्हणाली, "समदा पी." त्यानंतर मी दर आठवड्याला जायचे. आत्या काही देवमाणूस नव्हती, हेही लिहायला हवं. सभेत तिला फारच सोवळी करून टाकली. पत्त्यांत ती सर्रास फसवायची. वय सहा वर्षं कमी सांगायची, तेही मला, जिला तिचं खरं वय पाठ होतं. घाण्यावरच्या बायकांना अशा शिव्या द्यायची की मला कानावर हात ठेवावा लागे. मुंबईच्या गोष्टी रंगवून सांगायची आणि दर वेळी त्यांतला घोडा आणखी मोठा व्हायचा.

एकदा पत्ते पिसता पिसता तिनं विचारलं, "सुमे, तुला म्हाईत होतं का?" काय, हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी हो म्हटलं. तिनं पत्ते गोळा केले आणि दार दाखवलं. वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. बाजारात समोर आली तर मी भिंत असल्यासारखी बघायची. वर्षानं घाण्यावरच्या माणसाकडून निरोप आला, चिंच संपलीय, येताना आण. मी चिंच घेऊन गेले. माफ केलं असं ती म्हणाली नाही, कधीच म्हणाली नाही. तिच्याकडून मी जे शिकले त्यात हेही आहे.

मग औरादेत पक्कं थिएटर झालं, पाठोपाठ व्हिडिओ आला. तंबूवाल्या मालकांनी माळावरचे खुंटे उपटले आणि भोंगा आत्याला देऊन टाकला. त्यानंतरची आठ वर्षं तिला बोलायला मी आणि घाण्याचा बैल, एवढेच होतो. कंबर जाम झाली होती, थंडीत तिला उठवून बसवावं लागे. तिचा एकही सिनेमा आता कुठं मिळत नाही. व्हिडिओवाल्याला तिनं एकदा आपलं नाव सांगितलं, तर तो म्हणाला, कोण नीलांबरी? तिला राग आला नाही. म्हणाली, बरं झालं, आता मरताना कुणी बघायचं न्हाई. दर महिन्याला मी संतपुरला अप्पांकडं जायचे, पुढं ते माझ्याकडं राहायला आल्यावर घरातच, आणि तेच वाक्य मागायचे. आता तर भोंगाही नको, नुसतं तिच्या खोलीवर येऊन घाण्यावरच्या चार लोकांसमोर म्हणा. ते म्हणायचे, झालं गेलं, आता कामून उकरायलीस? ती पन्नाशीसुद्धा न गाठता गेली, आणि तोवर त्यांना सवड झाली नाही.

सभेत मात्र सवड झाली. ध्वनिक्षेपक हातात आल्याबरोबर अप्पांचा जुना आवाज परतला. किल्ल्यातला घोडा त्यांनी असा सांगितला की लोकांच्या अंगावर काटा आला. मुंबईला आपणच नेलं हे सांगितलं. गळा काढला, तोही नेमका हवा तिथं. ज्यांनी तिच्या हातचं पाणी कधी घेतलं नाही त्यांनी डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत बसून त्यांच्याकडं एकटक बघत होते. त्यांनी माझ्या डोक्यावरून पलीकडं तोंड करून भाषण पुरं केलं.

हे इथपर्यंत लिहून झालं तेव्हा मी ठरवलं, छापायला पाठवायच्या आधी अप्पांना वाचून दाखवायचं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, एकाचं ऑपरेशन फसलं. दीड वर्षापासून ते माझ्याकडं असतात आणि रविवारचा पेपर मीच त्यांना वाचून दाखवते. घरी वाचलं नाही. खोली महिनाअखेरीला सोडायची आहे, तर सामान आवरायला चला म्हणून त्यांना हाताला धरून तिथं नेलं. तेवीस वर्षांत त्यांनी त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. आत्याच्या बाजेवर त्यांना बसवलं आणि दारात बसून पहिल्यापासून सगळं वाचलं, मोठ्यानं, घाण्यापर्यंत ऐकू जाईल असं. ते रागावतील असं वाटलं होतं. मला तेच हवं होतं, मी भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते.

ते बाजेची सुंभं चाचपत राहिले. मग म्हणाले, "एकदाच लिवलीस."

मी विचारलं, काय?

"मायनं इचारल्याचं. एकदा न्हाई इचारली ती. मरंस्तवर दर बाजारादिशी इचारायची. तंबूला निघालो की सायकलीला हात लावून उभी राहायची. माणिक, आज तरी सांग, खरंच गेली का रे, म्हणायची. आन् मी दर बारी व्हय म्हणलो. घाल ते."

मी त्यांच्यासमोरच बसून ते लिहून घेतलं. शब्द तेच आहेत, मी एकही बदललेला नाही. मग कागद पिशवीत घातले आणि बाहेर घाण्याच्या पायरीवर येऊन बसले. अप्पांना एकट्यानं ती खोली ओलांडता येत नाही. उंबरा उंच आहे, आणि बाजेपासून दार कुठल्या अंगाला ते त्यांना माहीत नव्हतं. आतून त्यांनी मला दोनदा हाक मारली. मी ऐकली, आणि बसून राहिले.